खोक्यावरचे साडेपाचशे

नवी एसएसडी डिस्क संगणकात बसवून झाली तेव्हा निरीक्षकांनी स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली, कारण घरात दुसरं कुणी ती थोपटेल अशी आशा नव्हती. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दिवसभर दुकानादुकानांतले तराजू तपासायचे आणि घरी आले की पीठ, साबण, दुधाची पिशवी, जे हाताला लागेल ते. पाकिटावर छापलंय तेवढं आत आहे का, हे पाहिल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. याला ते काटेकोरपणा म्हणत. बायको खोड म्हणे, आणि अलीकडे मनातल्या मनात त्यांनाही तिचाच शब्द पटू लागला होता.

डिस्क घेतली होती ती बायकोसाठी. लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायचं काम ती नुकतीच शिकली होती. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला पहिलं काम दिलं होतं, निवृत्त होणाऱ्या संगीतशिक्षिकेवरची छोटी फिल्म. ती आज संध्याकाळी निरोपसमारंभात दाखवायची होती. नीट झाली तर शाळेची पुढची सगळी कामं तिच्याकडेच येणार होती. जुनी डिस्क मात्र एक फाइल उघडायला चहा उकळण्याइतका वेळ घ्यायची.

"झालं का? बसू मी?" तिनं सकाळी विचारलं.

"दहाच मिनिटं. खोक्यावर लिहिलंय, सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट. तेवढा वेग खरंच देते का, एवढं पाहतो. तोवर तू आत लॅपटॉपवर कर. तुझं सगळं चित्रीकरण याच डिस्कवर टाकलंय, घरच्या नेटवर्कवरून तिकडेही दिसेल."

"त्याच्यात जागा नाहीये काही."

"अगं, मग साठव इथेच. एवढी मोठी डिस्क आणलीय ती कशासाठी?"

ती आत गेली. निरीक्षकांनी वेग मोजायचा प्रोग्रॅम चालू केला. आकडा आला पाचशे तीस. कुठलाही शहाणा माणूस इथे खुर्ची सोडून उठला असता. निरीक्षकांना ते वीस मेगाबाइट डाळीतल्या खड्यासारखे लागले. त्यांनी चाचणी पुन्हा लावली, तर आकडा तीनशेवर आला. हे तर सरळ मापात पाप होतं. त्यांचे डोळे चमकले, आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून आनंदच झाला.

"अहो, इथे चित्र अडकतंय," आतून आवाज आला.

"अडकणारच. डिस्कच लबाड निघालीय. थांब, जरा मोठी चाचणी लावतो."

मोठी चाचणी लागली, आत चित्र आणखी अडकलं, इकडे आकडा आणखी घसरला. मग निरीक्षकांचा हुरूप वाढला. त्यांनी संगणकाचं झाकण उघडून डिस्कवर टेबलफॅन सोडला. केबल बदलावी म्हणून संगणक बंद केला, तेव्हा आतून एक हाक आली आणि मग काहीच आलं नाही. केबल बदलून त्यांनी पुन्हा चाचण्या लावल्या. एकदा आत डोकावून पाहिलं, तर ती कपाळाला हात लावून बसली होती. "काळजी करू नकोस, मी शोधून काढतो," असं तिला सांगून ते परत आले. आपण बायकोसाठी किती राबतो आहोत, या विचारानं त्यांना गहिवरूनही आलं.

दुपार कलली आणि अचानक पडद्यावर पाचशे बावन्न उमटले. त्यांनी पुन्हा मोजलं. पाचशे बावन्न. तिसऱ्यांदाही तेच. खोक्यावर लिहिल्यापेक्षा दोन जास्तच. निरीक्षक विजयी मुद्रेनं आतल्या खोलीच्या दारात गेले.

लॅपटॉप मिटलेला होता. बायको मांडीवर फोन ठेवून बसली होती. तिचे डोळे लाल होते.

"सांगून टाकलं बाईंना," ती म्हणाली. "होणार नाही म्हटलं."

"कधी?"

"आत्ताच. आधी हे सगळं बंद केलं, मग फोन केला."

निरीक्षकांच्या तोंडचा आकडा तोंडातच राहिला. कुठल्याही दुकानात गेले की ते पहिलं वाक्य एकच बोलत: आधी पारडं रिकामं करा, मग काटा बघू. आणि इथे सकाळपासून पारड्यात बायकोचं काम होतं, ते तसंच ठेवून मोजत होते आणि वर डिस्कला लबाड म्हणत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खात्यात हे कळलं असतं तर त्यांनाच सील ठोकलं असतं.

तिला लगेच सांगायचा धीर झाला नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधी मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"बाई, फिल्म होतेय. उशीर झाला तो माझ्यामुळे. मी मधे मधे संगणक तपासत होतो."

"असं?" बाई म्हणाल्या. "त्या तर वेगळंच सांगत होत्या. म्हणाल्या, माझाच हात संथ आहे, मला हे जमण्यातलं नाही, पुढची कामं तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्या."

डिस्कवर संशय घेऊन घेऊन दिवस काढला होता निरीक्षकांनी, आणि भिंतीपलीकडे ती स्वतःवर संशय घेत बसली होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"संथ नाहीये ती," ते म्हणाले. "मी अडवून धरलं होतं तिला."

"मग घेऊन या. भाषणं लांबतातच आमच्याकडे. फिल्म शेवटी लावू."

ते परत तिच्या दारात आले आणि सगळं सांगून टाकलं. तिनं काम केलं की आपला आकडा पडत होता, आणि आपण आकडा मोजला की तिचं काम अडत होतं. ती थांबली तेव्हाच वेग पुरा भरला. बाई वाट पाहताहेत, हेही सांगितलं.



"म्हणजे सकाळपासून मी इथे रडतेय, ती तुमच्या साडेपाचशेपायी?"

"हो."

"उठा मग."

"मी उभाच आहे."

"मग दारातून बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. ती बाहेर जाऊन त्यांच्या खुर्चीत बसली.