दमयंतीने मोठ्याने सांगितले

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव अवघड वाटले तर रक्त फिरवायचे यंत्र म्हणा. रक्ताची नळी माझ्यात ठेवून झाकण लावले की मी ती गरागरा फिरवतो. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी उरते. माझे काम एवढेच, पण ते मी चोख करतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. तिथून मी पनवेलला, एसटी स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये आलो. बरीच वर्षे तापाचे, काविळीचे रक्त फिरवले. मग नवे यंत्र आले आणि मला माळ्यावर टाकले. "भंगारात द्या," असे मी माझ्या कानांनी ऐकले. मी भंगारात गेलो नाही. त्वचेच्या डॉक्टर मनिषा भोईर यांनी मला आपल्या दवाखान्यात आणले, नवी मोटर बसवली, वेग तपासून घेतला.

त्यांच्याकडे असे पेशंट येत, ज्यांनी आपले दुखणे घरातही सांगितलेले नसे. लघवीच्या जागेची कातडी पांढरी पडते, पातळ होते, चिरते, खाजून जीव नकोसा होतो. बायकांना होते, पुरुषांनाही होते. लायकेन स्क्लेरोसस असे या आजाराचे नाव. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरी लोक त्याला घाण रोग म्हणतात. या शब्दाचा मला राग आहे आणि तो मी गिळणार नाही.

गव्हाणची दमयंती कोळीण इथे आली तेव्हा तिला नीट बसताही येत नव्हते. दिवसभर पाटावर बसून मासळी विकणारी ती बाई. कोणी गजकर्णाचे मलम दिले होते, कोणी "वय झालं" म्हणून घरी पाठवले होते. डॉक्टरांनी तपासले, कातडीचा बारीक तुकडा तपासणीला पाठवला आणि आजाराचे नाव सांगितले. आधी स्टिरॉइडचे मलम सुरू झाले. खाज कमी झाली, पण कातडी ताठच राहिली. तेव्हा माझी गरज पडली.

"तुमचंच रक्त घ्यायचं, त्यातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करायचा आणि तिथेच इंजेक्शनने द्यायचा," डॉक्टर म्हणाल्या. "कातडी सुधारायला मदत होऊ शकते. पण दमयंतीताई, हा उपचार नवा आहे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आणि मलम सोडायचं नाही."

"करा तुमी," दमयंती म्हणाली. "मी घाबरनारी नाय."

तिचे रक्त मी फिरवले. जागा बधिर करून डॉक्टरांनी सुई दिली. दमयंतीने दात आवळले, पण हूं की चूं केले नाही.

पुढच्या खेपेला ती एकटी आली नाही. तिची मोठी जाऊ चंद्रावती बरोबर होती. चंद्रावतीच्या मुलाचे, प्रणितचे लग्न ठरले होते. आजार लागेल म्हणून दमयंतीने हळद लावायला पुढे येऊ नये, असे चंद्रावतीने सांगितले होते. घरात दमयंतीचे कपडेही वेगळे धुतले जात होते. म्हणून दमयंतीने तिला हाताला धरून दवाखान्यात आणले होते.

वेटिंग रूम आणि माझे टेबल यांच्यामध्ये फक्त प्लायवूडचे पार्टिशन आहे. मला सगळे ऐकू येते.

"डॉक्टर, हिला सांगा मना काय झालाय ते," दमयंती बाहेरूनच म्हणाली.

"अगं, हलू बोल! बापये बसलेत इथं," चंद्रावती दबक्या आवाजात म्हणाली.

"बसूं देत. मी चोरी नाय केली. माझ्या मुतायच्या जागेची कातरी आजारी हाय. मना आजार झालाय, पाप नाय!"

डॉक्टर बाहेर आल्या आणि तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "हा इन्फेक्शनचा आजार नाही. शिवल्याने, कपड्यांनी, जेवणाने कोणालाही लागत नाही. हळद लावल्याने तर नाहीच."

चंद्रावतीने मान खाली घातली. आणि तेव्हाच दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तो धनेश होता, उरणच्या बंदरावर क्रेन चालवणारा. याआधीही तो येऊन बसायचा आणि नंबर यायच्या आत निघून जायचा. आताही तो उठला होता. डॉक्टरांनी विचारले, "आजही चाललात?"

"नाय," तो म्हणाला. "ही मावशी बोलतेय ना, माझाबी तसाच हाय. लघवी करताना डोळ्यांतून पानी येतंय. बायकोलाबी नाय सांगितला मी."

"मग बस इथं," दमयंती त्याला म्हणाली. "पलायचा नाय."

प्रणितच्या हळदीला दमयंती सगळ्यांच्या देखत पुढे गेली. चंद्रावतीने स्वतः वाटी तिच्या हातात दिली. हे दमयंतीनेच पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगितले. तिची कातडी आता मऊ झाली आहे, ती बाजार संपेपर्यंत पाटावर बसते. पांढरे डाग मात्र गेलेले नाहीत. आजार आहे आणि तपासणीला ती येत राहणार आहे, कारण दुर्लक्ष केले तर क्वचित त्या जागी कर्करोगही होऊ शकतो.

मित्रांनो, मी चमत्कार करतो असे म्हणू नका. मी फक्त फिरतो. पण तुमच्यापैकी कोणाला असे दुखणे असेल, तर ऐकीव मलमे चोळत कुढत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कोणाला असेल, तर त्याचे ताट वेगळे करू नका. शरीराचा कोणताही भाग लाजिरवाणा नसतो. त्याला लाज चिकटवणाऱ्यांसमोर मी तरी मान खाली घालणार नाही.

धनेशलाही तोच आजार निघाला; मलम सुरू होऊन काही महिने झाले. आज त्याच्या रक्ताची नळी माझ्यात आहे. त्याची बायको त्याच्याशेजारी बसली आहे. डॉक्टरांनी झाकण लावले. आता बाजूला व्हा, मला फिरायचे आहे.