म्हाताऱ्या मेंढ्या गेल्यावर

मेंढीचं वय तिच्या तोंडात असतं. पुढचे दात तिला फक्त खालच्या बाजूला, आणि म्हातारपण आलं की ते आधी लांब होतात, मग हलतात, मग एकेक करून गवतातच कुठेतरी राहून जातात. त्या दिवशी वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, एकेक मेंढी गुडघ्यांत धरून तिचा ओठ उचलत होत्या. आमचे हे वाकून बघत होते आणि मी फाटकाशी उभी राहून म्हाताऱ्यांना डावीकडे नि तरण्यांना उजवीकडे सोडत होते.

"हिची गेली बत्तिशी. डावीकडे."

"जरा जपून, वन्सं. उद्या कुणी तुमचंही तोंड उघडून बघेल."

"बघू दे की. माझे सगळे आहेत. दोन कपाटात, बाकीचे तोंडात."

हे हसले नाहीत. त्यांना हसवणं त्या महिन्यांत अवघडच झालं होतं. कोकरांचा बाजार पार बसला होता. कुठल्याशा लांबच्या जिल्ह्यात जनावरांना रोग निघाला आणि समुद्रापलीकडच्या लोकांनी आमच्या देशाचं मटण घेणंच थांबवलं. आमच्या कोकरांना साधी शिंकही आली नव्हती, पण बंदरावर गाड्या अडल्या, कत्तलखान्याने निम्म्या पाळ्या बंद केल्या, आणि ऐन विकायच्या दिवसांत आमची कोकरं गोठ्यामागे उभी राहून आम्हांलाच खाऊ लागली.

आमचा व्यापारी बोलताना नेहमी "थोडक्यात सांगतो" म्हणून सुरुवात करतो आणि चहा गार होऊन साय धरेपर्यंत थांबत नाही, म्हणून सगळे त्याला थोडक्यातच म्हणतात. तो येऊन सांगून गेला होता, "थोडक्यात सांगतो वहिनी, कोकरू नको. फुकट दिलंत तरी गाडीभाडं तुमच्याच गळ्यात पडेल. पण म्हाताऱ्या मेंढ्या असतील तर बघतो. डब्यातल्या मटणाचा कारखाना चालू आहे. डब्यात गेल्यावर म्हातारी काय नि तरणी काय."

वन्सं म्हणाल्या, "मग तूही जा की डब्यात." पण हिशेब त्यांनाही कळत होता. कोकरं आणि त्यांच्या आया, दोघांना पुरेल एवढं गवत डोंगरावर नव्हतं. एक काहीतरी जायला हवं होतं. दरवर्षी आम्ही थोड्या म्हाताऱ्या काढतोच. या वर्षी सगळ्याच काढायच्या, कोकरं सांभाळायची आणि बंदर उघडायची वाट बघायची, असं ह्यांनी ठरवलं. शहाणपणाचंच होतं. कुणीही दुसरं काही सुचवलं नाही. मी तर नाहीच. मी फाटक धरून उभी होते.

गाडी भरून गेली. वन्संनी त्या दिवशी जेवताना एकही टोमणा मारला नाही, एवढीच काय ती सुतकाची खूण.

मग पलीकडच्या शेजाऱ्याचा फोन आला.

आमच्या डोंगराला कुंपण नाही. माथ्यापर्यंत आमची बाजू, माथ्यापलीकडे त्याची. मधे काही म्हणजे काही नाही, नुसता वारा. मेंढरं चरत वर जातात, माथ्याजवळच्या दगडांच्या राशीपाशी पोचली की वळतात आणि संध्याकाळी खाली येतात. का वळतात, असं कुणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मेंढरंच ती, वळणारच. पलीकडे शेजाऱ्याने लसूणघास लावला होता, हिरवागार. आजवर त्याच्या एका पानालाही आमच्या मेंढीचं तोंड लागलेलं नव्हतं.

"तुमची मंडळी आलीत आमच्याकडे," शेजारी फोनवर म्हणाला. माणूस इतका सभ्य की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "जेवतायत. मी हाकललं नाही, म्हटलं घाबरतील. तुम्ही या सावकाश."

हे आणि आमचा कुत्रा गेले. कुत्र्याचं नाव जावई. मानाने खातो आणि काम सांगितलं की रुसतो. दोघंही संध्याकाळी लंगडत परत आले. ह्यांचा उजवा गुडघा कधीचाच गेलेला आहे. जावई कशाने लंगडत होता ते त्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शेजारी स्वतः दारात आला, चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाला, आणि उठता उठता म्हणाला, "दादा, नियम तुम्हांलाही ठाऊक आहे. ज्याला आपली मेंढरं आपल्या बाजूला राखता येत नाहीत, त्याने डोंगर सोडायचा. मी लगेच काही बोलत नाही. पण हिवाळ्याआधी डोंगर वापरणाऱ्या सगळ्यांची बैठक असते, तिथे मला बोलावं लागेल."

तो गेला. हे त्याच्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले. डोंगर गेला म्हणजे सगळंच गेलं. खाली आमची जमीन आहे ती एवढीशी, दोन शेळ्या आणि एक जावई पोसण्यापुरती. आणि कुंपण घालायचं म्हटलं तर अख्खा कळप विकूनही तारेचं अर्धं भेंडोळं आलं नसतं.

"असं कसं करतात पण?" मी म्हटलं. "कधी गेली नव्हती पलीकडे."

वन्सं बटाटे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "बंड्या," त्या ह्यांना म्हणाल्या. वय झालं तरी हे त्यांचे बंड्याच, आणि आयुष्यात एकदाही बंड न केलेला माणूस. "बंड्या, त्या मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात आपली तरणी मेंढरं गेली ना रे सगळी?"

"गेली."

"मग नवी आणली ती कुठून?"

"बाजारातून. खालच्या मैदानातली."

"म्हणजे आता डोंगरावर आहेत त्या सगळ्या बाहेरच्या. सुना!"

मला त्या सोललेल्या बटाट्यासारखं सगळं स्वच्छ दिसलं. डोंगर ठाऊक होता तो म्हाताऱ्यांना. त्या आयांच्या मागे चालून शिकल्या होत्या, कुठे चरायचं, वाऱ्याला कुठे आडोसा, कुठून वळायचं. मैदानातल्या सुना इतकी वर्षं नुसत्या त्यांच्या शेपटाकडे बघून चालत होत्या. आणि आम्ही शहाण्यांनी तोंडं उघडून दात तेवढे बघितले.

"सुनांना बोलू नका," मी म्हटलं. "मीही बाहेरचीच आहे."

"तू वळतेस तरी," वन्सं म्हणाल्या. "वेळेवर नाही, पण वळतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी पिकअप घेऊन थोडक्यातकडे गेलो. हे आले नाहीत. विकलेली वस्तू परत मागायला त्यांना लाज वाटते. आम्हां दोघींची ती केव्हाच सरली आहे. थोडक्यातचं आवार म्हणजे पत्र्याची छपरं, लोखंडी फाटकं, आणि लेंड्या धुतलेल्या पाण्याचे ओहोळ. एरवी या दिवसांत तिथे कोकरांच्या ओरडण्याने बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी नळाची गळती ऐकू येत होती. माल चढवणारे गडी उलट्या बादल्यांवर बसून पत्ते खेळत होते आणि आम्हांला बघूनही उठले नाहीत.

"एक तरी द्या परत," मी म्हटलं. "दोन असतील तर दोन. आज जो भाव असेल तो देतो."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. पहिल्यांदाच त्याने काहीतरी खरोखर थोडक्यात सांगितलं. "गेल्या त्या, वहिनी. त्याच रात्री."

वन्सं फाटकाला टेकल्या. आतल्या बाजूला कुणाच्या तरी म्हाताऱ्या मेंढ्या उभ्या होत्या, पाठीवर निळा पट्टा मारलेला, खाली माना.

थोडक्यातला आमची दया आली असावी. "ह्यांतली एखादी न्या की, मावशी. म्हातारी ती म्हातारी."

"मावशी कुणाला म्हणतोस? माझ्याबरोबर शाळेत होतास तू, माझ्या पाटीवरचं बघून लिहायचास. आणि हिला काय आमचा डोंगर ठाऊक आहे?"

"नसेल तर दाखवा तुम्ही. तुम्ही दोघी तर आहात तिथल्या जुन्या."

तो हसला. पत्ते खेळणारे गडी हसले. वन्सं चिडल्या, तोंडाला येईल ते बोलल्या, आणि आम्ही निघालो. मग पूल ओलांडताना वन्सं म्हणाल्या, "मेला म्हणतोय ते खोटं नाही."

अशी आमची नोकरी लागली. सकाळी एकीने कळपामागे वर जायचं, मेंढरांना ओढ्याच्या कडेने, आमच्या म्हाताऱ्या न्यायच्या त्याच वाटेने न्यायचं. दुपारी वाऱ्याच्या आडोशाला बसायचं. दिवस कलला की दगडांच्या राशीपाशी जाऊन आडवं उभं राहायचं आणि एकेकीला परत फिरवायचं. हाकलायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं पुढे येऊन उभं राहायचं, म्हातारी मेंढी उभी राहायची तसं. पहिले काही दिवस आम्ही दोघी मिळून जात होतो, कारण कळप रुंद आणि आम्ही अरुंद. नंतर पाळ्या लावल्या. स्वयंपाक ह्यांच्याकडे आला. गुडघ्यामुळे त्यांना चढवत नव्हतं, आणि ते रोज बटाटे उकडायचे. एके दिवशी वेगळं म्हणून त्यांनी ते जाळले.

याला काही अर्थ आहे की नाही, हे कळायचा मार्ग नव्हता. मी राशीवर बसून बोटं काखेत धरायची आणि खालची गावं बघायची. पाय इतके दुखायचे की बूट काढायचा धीर व्हायचा नाही. काढले तर परत पायात जाणार नाहीत असं वाटायचं. रेडिओवर रोज कुणीतरी जाणता माणूस सांगायचा की बाजार लवकरच सावरेल. त्याच्या आवाजावरून तो घरात बसलेला वाटायचा.

कोकरं वाढली. वाढली म्हणजे कोकरं म्हणायची लाज वाटावी इतकी. अजून थोडं थांबलो असतो तर त्यांना कोकराचा भावही मिळाला नसता. बाजाराच्या लेखी ती मेंढरं झाली असती, आणि मेंढराला कोण विचारतो. बैठकही तोंडावर आली होती.

तेवढ्यात थोडक्यात आला, तोही न बोलावता. "थोडक्यात सांगतो. बंदर उघडलं. भाव पहिल्यासारखा नाही, अर्ध्याच्या जरा वर धरा. पण गाडी उद्या लागतेय. सगळी द्या, नर-मादी दोन्ही. भरपूर माल असला तरच मला परवडतं. पुढच्या गाडीचं कुणी सांगावं."

हे म्हणाले, "देऊन टाकू." इतक्या पटकन म्हणाले की बोलणं आधीपासूनच तोंडात तयार असावं. "सगळी देऊ. मेंढ्याही देऊ त्यांच्याबरोबर. बास झालं आता. बैठकीत त्याने बोलायच्या आधी आपणच डोंगर सोडतो म्हणू. ताई, तुझं वय बघ. हिचे पाय बघ."

खरं सांगायचं तर मला हो म्हणायचं होतं. मला घरात बसायचं होतं, त्या रेडिओवाल्यासारखं.

"उद्या सकाळी सांगतो," वन्सं थोडक्यातला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "चल, वर जाऊ. आज दोघी जाऊ."

आम्ही वर गेलो. राशीपाशी न थांबता जरा बाजूला, उतारावर, आडोशाला बसलो. "आज उठायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "जायच्या त्या जाऊ देत. शेजाऱ्याला मी सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, एक संध्याकाळ दे. कबूल झाला. म्हणाला, मीही घरातून बघतो."

कळप चरत वर येत होता. पुढे मैदानातल्या सुना, मागे कोकरं. राशीपाशी पहिली मेंढी पोचली, मान वर केली, वारा घेतला, आणि सरळ पलीकडे गेली. तिच्यामागे दुसरी. मी डोळे मिटले. माझ्या मनात गाडी भरून निघालीसुद्धा होती.

"बघ," वन्सं म्हणाल्या.

कोकरं थांबली होती. त्यांतल्या माद्या पुढे होत्या. जन्मल्यापासून त्यांना ठाऊक असलेली ही एकच चढण आणि त्यातले कितीतरी दिवस आमच्या दोघींच्या मागेपुढे. त्या आम्ही रोज उभ्या राहायचो त्या रिकाम्या जागेपाशी येऊन थबकल्या, जराशा घुटमळल्या, आणि ओढ्याच्या बाजूला वळल्या. त्यांच्यामागे नर कोकरं, आणि मग, कोण वळतंय हे न बघताच, बऱ्याचशा सुना. सगळ्या नाहीत. काही राशीवर उभ्या राहून इकडेतिकडे बघत राहिल्या. काही गेल्याच, लसूणघासाचा वास होताच तसा.

मला आनंद झाला असेल. आधी मला झोप आली, एवढं आठवतं.

"माद्या ठेवायच्या," मी म्हटलं. "एकही द्यायची नाही. नर जाऊ देत."

"थोडक्यातला परवडायचं नाही."

"ज्या पलीकडे गेल्यात त्या घालू गाडीत. गाडी भरली की झालं त्याचं."

"आणि बंड्या?"

"त्यांना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात."

"माझं ऐकतो आणि तुझं करतो," वन्सं म्हणाल्या. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून दोनदा उठायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा मी हात दिला. पिशवीतून त्यांनी रंगाची कांडी काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती, म्हणजे बाईने आधीच ठरवलं होतं सगळं. "चल. उजेड आहे तोवर गेलेल्यांच्या पाठी रंगवू. उद्या ओळखायला नकोत?"

मी बुटाच्या नाड्या आवळल्या. माथ्यावर आलो तेव्हा पलीकडे खाली शेजारी आपल्या दारात उभा दिसत होता. त्याने हात वर केला. बोलावत होता की शाबासकी देत होता, इतक्या लांबून कळत नव्हतं. आम्हीही हात वर केला आणि त्याच्या शेताकडे उतरायला लागलो.