फडकं बांधलेला तांब्या

लेकरं निजवणं म्हंजी काय, ते ज्याच्या कंबरंला ठाऊक त्यालाच ठाऊक. लोक म्हणायचे, कोंडाबाईचं बरं हाय, सावलीत बसून खाती. बसून! या की एक दिस, बसून दाखवा.

त्या दुष्काळाच्या साली निम्मं गाव येरमाळ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचं. मीबी जायची. एक दिवस धोंडा निसटून गुडघ्यावर आला आन माझा पाय कामातनं गेला. तवाच सुरुंगाचा दगड उडून कुणाच्या तरी पोराचं डोस्कं फुटलं, मंग मुकादमानं कामावर लेकरं आणायला बंदीच केली. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया म्हणल्या, "मावशे, आमी खडी फोडतो, तू लेकरं बघ. कामावर खायला मिळती त्या सुकडीतली मूठमूठ तुला." त्या सुकडीवर आन सोसायटीच्या दुकानातल्या लाल मिलो जोंधळ्यावर माझं पोट चालायचं. म्हणून दात खाऊन बसायची.

सकाळ कशीबशी निघायची. खरी कसोटी दुपारी. पत्रा तापलेला, वारं बंद, आन लेकरं झोपंला आलेली पर झोपायची न्हाईत. बनाबाईच्या शेवंताला पाठीवर थापटावं लागायचं, तेबी हळू न्हाय, भाकरी थापल्यावानी. मथुराबाईच्या गौतमला माझ्या कानाची पाळी हातात लागायची. धरली की पिरगाळायचा मेला. त्याचा धाकटा भाऊ झोळीत, झोळीची दोरी माझ्या धडक्या पायाच्या अंगठ्याला. एक हात हिच्या पाठीवर, कान त्याच्या मुठीत, पाय दोरीत. नाकावर माशी बसली तर ती हाकलायला मला कायबी शिल्लक नसायचं. आन तीन निजली की चौथी कोंबडी वरडायची.

त्यातच एक दिवस द्वारकाबाई आली. मला वाटलं, वाट चुकली. वरच्या आळीतली, पाटलाच्या भावकीतली बाई, आमच्या दारात कशाला येतीय? पर दुष्काळानं तिच्याबी हातात हातोडा दिला व्हता. कडंवर दोन वर्षांचा ज्ञानू, हातात पितळंचा तांब्या, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"सासूबाईच्यानं पोरगं आवरंना," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणली. "आज खाडा झाला तर मुकादम हजेरीतनं नाव काढणार हाय. ह्याला ठिवून घे. पर पाणी ह्या तांब्यातलंच पाज. तुझ्या माठाचं न्हाय. सासूबाईनं त्याच बोलीवर धाडलंय."

अंगाची आग आग झाली. म्या म्हणलं, "पाणी चालत न्हाय आन मांडी चालती व्हय, बाई?"

तिनं पोराला दुसऱ्या कडंवर घेतलं. तिच्या तळहाताचे फोड फुटून चिंध्या बांधलेल्या व्हत्या. ज्ञानू मातर माझ्याकडं बघून हसला, पुढचे चार दात दाखवून. काय करावं असल्या पोराला?

"द्या हिकडं," म्या म्हणलं. "न्हाय पाजत माझं पाणी. दिला शब्द."

दिला खरा, आन लगी पस्तावले. ती नजरंआड झाली तसं पोरगं जे वरडाया लागलं, ते थांबायचं नाव न्हाय. सकाळभर तांब्या पोटाशी धरून बसला. त्याच्या घरचं तेवढंच त्याच्यापाशी उरलं व्हतं. घोट घोट म्या पाजलं, पर तांब्या काय त्यानं सोडला न्हाय.

दुपारी म्या सारी हिकमत केली. थापटलं, न्हाय. कान दिला, न्हाय. झोळीतलं बारकं काढून ज्ञानूला घातलं, तर झोळीतच उभा राह्यला. शेवंता निजली की ह्यानं भोकाड पसरायचं, ती उठली की गौतम उठायचा, गौतमनं बारक्याला उठवायचं. माझं डोळं मिटायला लागलं. मनात आलं, चौघांनाबी कोंडावं आन आपण जाऊन लिंबाखाली पडावं. आलं मनात, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात तांब्या घिऊन पळताना ज्ञानू वाकळीत अडखळला आन पडला. फडकं सुटलं, पाणी भुईवर. माझ्या भुईला तरी कुठं पाणी ठाऊक व्हतं? बघता बघता पिऊन टाकलं.

पोरगं रडायचं थांबलं. खाली वाकलं आन त्या ओल्या भुईला त्यानं जीभ लावली.

तोंडाला माती लागलेलं ते लेकरू माठाकडं बघून "पा, पा" करत व्हतं, आन मी शब्द देऊन बसलेली. पाजलं आन कळलं, तर वरच्या आळीची माणसं दारात येतील. आमच्या बायांना कामावर तरास देतील, मंग माझ्याकडं लेकरू कोण ठिवंल? सुकडी बंद, मिलो बंद, मी हाय आन हा मोडका पाय हाय. न पाजावं तर सांजंपर्यंत, असल्या उन्हात, दोन वर्षांचं पोर?

आन माझं पाणी आभाळातनं पडलेलं न्हवतं. टँकर एकच, इहीर एकच. फकस्त वरच्या आळीच्या घागरी आधी भरायच्या आन आमच्या बायांच्या नशिबी तळाचा गाळ. तुरटी फिरवून म्या ते निवळवलेलं.

"मरू दे तो शब्द," मी मोठ्यांदा म्हणले आन माठात पेला बुडवला.

दोन पेले प्याला. घटाघटा, नाकातोंडातनं. मंग एक सुस्कारा टाकला, तांब्याचा गार पितळी गाल आपल्या गालाला लावला आन माझ्या मांडीवर आडवा झाला. थापटायचीबी गरज पडली न्हाय. आगं बाई, म्हणजे सकाळधरनं हे पोरगं नुसतं तान्हेलं व्हतं! आईनं पाणी पुरवून पुरवून पाज म्हणून सांगितलेलं न्हवतं, पर तांब्यात बघून मीच घोट घोट देत व्हते.

सांजच्याला द्वारकाबाई आली. खोटं बोलायचं तर ते ध्यानात ठिवावं लागतंय, आन माझ्यात तेवढं त्राण न्हवतं. म्या सरळ सांगितलं, "तांब्या सांडला. माझ्या माठातलं पाजलं. न्हाय बघवलं."

तिचा चेहरा खडीवानी झाला. निजलेलं पोर खांद्यावर टाकलं, रिकामा तांब्या उचलला आन गेली. म्या बनाबाईला सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणली, "मावशे, तू आमास्नी घालवलंस!"

सकाळी दारात पाऊल वाजलं तसं वाटलं, आली वरच्या आळीची माणसं. बघते तर द्वारकाबाई. कडंवर ज्ञानू, हातात तोच तांब्या, तसंच फडकं बांधलेलं. म्या मनात म्हणलं, आली परत तीच बोली घिऊन. तोंडभरून शिवी द्यावीशी वाटली. तांब्या हातात घेतला तर हलका. फडकं सोडलं, आत ठणठणीत.

"आमच्या रांजणाचा तळ दिसतोय," ती हळू म्हणली. "आन सासूबाई वट्यावर बसूनच असत्यात, मावशी. त्यास्नी फडकं दिसलं की झालं. पाणी तुमीच पाजा."

राग यावा का हसावं, मला कळंना. चोरून प्यायचं, म्हंजी माझं पाणी चोरीचं झालं का? पर "मावशी" म्हणली व्हती, आन ज्ञानूनं आपणहून हात पुढं केलं व्हतं. घेतलं पोराला.

दुपारी त्यो पोटभर पाणी पिऊन, रिकामा तांब्या कवटाळून, समद्यांच्या आधी निजला. त्याचं बघून शेवंताबी निजली.

सांजंला ती न्यायला आली तवा तांब्या माझ्यापुढं धरून उभी राह्यली. "ह्यात भरून द्या अर्धा. रिकामा नेला तर त्या इचारतील, एवढंसं पोर आख्खा तांब्या पितंय व्हय. कालबी इचारलं, म्या सांडला म्हणून सांगितलं. रोज कसा सांडंल?"

म्या भरून दिला आन वर फडकं बांधता बांधता थांबले. त्या साली पाणी कोण फेकत व्हतं? लेकराचं उरलेलं असलं म्हणून काय झालं.

"आगं, पर हे तुझी सासू पिईल की!"

द्वारकाबाईनं माझ्या हातातनं फडकं घेतलं, आपल्या हातानं घट्ट गाठ मारली.

"पिऊ द्या," ती म्हणली आन निघाली.

ती वरच्या आळीला वळंस्तवर मी दारात उभी व्हते. मंग पाय लांब केला, भिंतीला पाठ टेकली आन बसल्या जागी मला झोप लागली.