हत्तीच्या जबड्याला कांजी

संताजी शिर्के बावीस वर्षं मिलच्या सायझिंग खात्यात सुताला कांजी चढवत होते. ब्याण्णवला मिल बंद पडली आणि हा भला माणूस दोन वर्षं घरात नुसत्या येरझाऱ्या घालत बसला. त्यांच्या बायकोला, सुहासिनीबाईंना, त्या येरझाऱ्यांचाच जास्त वैताग.

त्यांची मुलगी मंजिरी भंवरकुआं चौकाजवळच्या युनिव्हर्सिटीत भूशास्त्र शिकायची. तिला नर्मदेच्या काठात हत्तीचा जबडा दिसला. साधासुधा नव्हे, लाखो वर्षांपूर्वी वंशासकट संपलेल्या अवाढव्य हत्तीचा.

"हात लावला की भुगा होतोय, बाबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "सर म्हणतात, हाडांवर प्लास्टर चढवून उचलणारे जानेवारीत येतील. अन् रेतीवाले सोमवारी पूरा किनारा खोदणार!"

"प्लास्टर कायको? कांजी लावू ना! कच्चं सूत सांभाळते, तर हड्डी का नाही?"

शनिवारी बापलेक पहिल्या बसने निघाले. पिशवीत मैदा, पातेलं आणि मिलमधलं शेवटचं कोरं मांजरपाट. त्याला संताजींनी घरात कोणाला बोट लावू दिलं नव्हतं.

काठावर कांजी शिजली. जबड्यावर ओला कागद, त्यावर कांजीत बुडवलेल्या मांजरपाटाच्या पट्ट्या. दुपारी बघतात तो पट्ट्या पापडासारख्या सुटून आलेल्या, आणि आधार गेल्यावर दाताचा एक कपचा खाली गळलेला. मंजिरीने कपाळाला हात लावला.

संताजी ओशाळले. कोऱ्या कापडात आधीचीच कांजी असते, ते नवी पीत नाही. हे ते विसरले नव्हते. आपल्या हातची शेवटची कांजी धुवायला त्यांचा जीव धजला नव्हता, एवढंच.

"चूक माझीच," ते म्हणाले आणि उरलेलं कापड घेऊन नदीत उतरले. दगडावर आपटून, चोळून, पिळून त्यांनी ते मऊ लुगड्यासारखं केलं. डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत.

नव्या पट्ट्या जबड्याला घट्ट धरून बसल्या. रविवारच्या उन्हात कडक वाळल्या. संध्याकाळी दोघांनी खालची माती कोरली, श्वास रोखला आणि जबडा उलटा केला. कणही गळला नाही.

मंजिरी त्यांच्या गळ्यातच पडली. "बाबा, आता सर लॅबमध्ये पट्ट्या कापतील अन्—"

"कापतील? खबरदार!" संताजी गरजले. "ओल्या करून, एकेक सोडवायच्या असतात. सरांना सांग, मी येतोय."