टेकाडावर पुरलेली चड्डी

सकाळपासून सोल्वाय तीनदा टेकाडाच्या शेतावर जाऊन आली होती. खुणेची काठी जागेवर आहे ना, एवढंच बघायला. पस्तिशीची बाई, पण आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आज चड्ड्या उकरायच्या होत्या!

हसा खुशाल. आमचा आख्खा सालिंग भाग हसत होता. पण या चड्ड्यांवर सोल्वायची चार वर्षं टांगलेली होती. तिचे वडील वेर्नर म्हणजे नांगरटीच्या स्पर्धेत तीनदा पहिला आलेला माणूस. आमच्याकडे शेजारी आधी तुमची नांगराची सरी बघतात, मग तुमचं तोंड. अशा माणसाने चार वर्षांपूर्वी टेकाडाचं शेत लेकीच्या हवाली केलं, आणि लेकीने काय केलं? नांगरच लावला नाही! काड जमिनीवर तसंच पसरून ठेवलं आणि त्यातच पेरणी. ते बघून वेर्नरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"शेत आहे की उकिरडा?" तो म्हणायचा. "लोक तोंडात शेण घालतायत माझ्या."

"बाबा, खाली बघ की जरा! गांडुळं काड खाली ओढतात, बुरशी ते मऊ करते, बारीक जिवाणू त्याचा फडशा पाडतात. त्यांच्या पोटातून बाहेर पडतं तेच मुळांचं जेवण. तू नांगर फिरवलास की त्यांचं घरदार उलथतं."

"मला शिकवू नकोस. पन्नास वर्षं शेती केलीय."

शेवटी मे महिन्यात पैज लागली. दोघांच्या शेतात एकेक सुती चड्डी वीतभर खोल पुरायची आणि तीन महिन्यांनी उकरायची. माती जिवंत असेल तर सूत खाऊन टाकते, कमरेचं इलॅस्टिक तेवढं उरतं. सोल्वायची चड्डी वेर्नरच्या चड्डीपेक्षा जास्त खाल्लेली निघाली, तर टेकाडाला नांगर कायमचा बंद. नाहीतर उकरल्यानंतरच्या सोमवारी नांगर आत. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून पुरायचं काम आई गेर्दाकडे दिलं. वेर्नरने आपली जुनी, विटलेली चड्डी दिली. सोल्वायने दुकानातून कोरी करकरीत आणली.

दुपारी गेर्दा कॉफीचा थर्मास आणि वेलदोड्याचे पाव घेऊन आली. शेजारचा एबे पंच म्हणून हजर होता, खरं तर पावांसाठी. आधी वेर्नरचं शेत. एबेने फावडं घातलं, ढेकूळ दगडासारखं निघालं. आत चड्डी. दोन भोकं सोडली तर जशीच्या तशी!

"वेर्नर, धुऊन घे," एबे म्हणाला. "रविवारी चर्चला घालून जाशील."

"यंदा पाऊस कमी होता," वेर्नर पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

सोल्वाय तर टेकाडाकडे पळतच सुटली. फावडं अलगद, लोण्यात जावं तसं आत गेलं. माती काळी, भुसभुशीत, पावाच्या गरासारखी छिद्राछिद्रांची. एक गांडूळ वळवळत आत शिरलं. "बघ, बघ बाबा!" ती ओरडली आणि हाताने माती बाजूला केली.

पांढरं कापड दिसलं. तिने ओढलं. आख्खी चड्डी बाहेर आली. एक भोक नाही!

सोल्वायने खड्ड्यात पुन्हा हात घालून चाचपलं.

"अरे वा!" वेर्नर मांडीवर थाप मारून हसला. "माझीला निदान दोन भोकं तरी होती! सोमवारी सकाळी सहाला ट्रॅक्टर आणतो."

सोल्वायचे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आपलं सगळंच चुकलं की काय. हातातली चड्डी तिने उगाच चोळली. कापड गुळगुळीत लागलं. कडेला तर चक्क लेस होती.

"मी लेसवाली आणलीच नव्हती," ती म्हणाली. "आई?"

गेर्दाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं.

"अगं, कोरी चड्डी होती," ती शेवटी म्हणाली. "कोरी चड्डी मातीत घालायला माझा हातच होईना. माझी एक जुनी होती, नायलॉनची. म्हटलं, मातीला काय कळतंय!"

"आई!"

"तुझी कपाटात आहे. घडी घालून ठेवलीय."

एबे हसून हसून बांधावरच बसला. वेर्नर मात्र हसला नाही. "पैज ती पैज," तो म्हणाला. "कमी खाल्लेली निघाली. नांगर आत जाणार."

"नायलॉन कोण खाईल, बाबा? तू खाशील?"

"ते मला ठाऊक नाही. सोमवारी सहा वाजता."

गेर्दाने लेकीच्या हातातून चड्डी घेतली, झटकली आणि उलटी केली. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"वेर्नर, इकडे ये."

"काय आहे?"

"इथे कापड विरलं होतं, म्हणून आतून मी ठिगळ लावलं होतं. आपल्या जुन्या चादरीचं, चांगलं जाड सुती. चारी बाजूंनी टेरिलीनच्या दोऱ्याने शिवलं होतं. हा बघ दोरा." तिने दोऱ्याचा रिकामा चौकोन बोटावर धरला. "ठिगळ कुठे आहे?"

ठिगळ नव्हतं. एक धागाही नव्हता!

"खाल्लं!" सोल्वाय किंचाळली. "खाल्लं त्यांनी! नेमकं सूत तेवढं निवडून खाल्लं!" तिने आईला मिठी मारली, एबेला मारली, मातकट हातांनी बापाचे खांदे गदागदा हलवले. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

वेर्नर हळूच, गुडघा धरत खड्ड्याशी बसला. बार्लीचं एक मूळ गांडुळाच्या बिळातून सरळ खाली गेलं होतं, त्याच्या कोपरापर्यंत खोल. त्याने मूठभर माती उचलली, हुंगली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"माझं खालचं शेत," तो शेवटी म्हणाला. "ते असं व्हायला किती वर्षं लागतील?"

"पाच-सहा."

"म्हणजे मी सत्त्याहत्तरचा होईन."

"ते तू काही न करता बसलास तरी होशीलच," गेर्दा म्हणाली आणि तिने त्याच्या हातात कॉफी दिली.

वेर्नरने कप घेतला. दुसऱ्या हातातली माती मात्र त्याने खाली टाकली नाही. "सोल्वाय," तो म्हणाला, "सोमवारी सहाला तूच ये. काड कसं पसरायचं ते मला दाखव."