खिशात लपवलेला चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. तपकिरी फ्रेमचा, जाड काचांचा, उजव्या दांडीला तांब्याची तार गुंडाळलेला. दुकानाच्या कपाटात आम्ही चाळीस-पन्नास जण ओळीने बसलो होतो. त्यातून मला ज्यांनी उचललं, ते बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. नुकतीच चाळिशी ओलांडली होती आणि मापावरच्या बारीक रेघा त्यांना पुसट दिसू लागल्या होत्या. दुकानदाराने समोर धरलेला अक्षरांचा तक्ता त्यांनी बघितलाही नाही. खिशातून स्वतःची पोलादी पट्टी काढली, तिच्या रेघा निरखल्या आणि म्हणाले, "हा चालेल."

पुढची अकरा वर्षं माझी मोठ्या मानाची गेली. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक नमुना आमच्या टेबलावर यायचा. केसाइतका फरक असला तरी तो माझ्या काचांतून सुटत नसे. एकदा मालाची गाडी दारात उभी होती आणि साहेब घाई करत होते. अंदाजाने ठीक म्हणून टाका, असं त्यांचं म्हणणं. तपासनीस शांतपणे म्हणाले, "न मोजता मी आकडा सांगत नाही." गाडी दोन तास थांबली, पण आकडा मोजूनच सांगितला गेला. साहेबांनी नंतर चारचौघांत त्यांची पाठ थोपटली. त्या दिवशी मला साबणाच्या पाण्याने अंघोळ मिळाली.

मग एका सोमवारी कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं. कुलपाशेजारी एक कागद चिकटवलेला होता. तो तपासनिसांनी तीन वेळा वाचला. माझ्या काचांवर वाफ धरली, तरी त्यांनी मला पुसलं नाही.

तिथून अर्जांचे दिवस सुरू झाले. कॉलेजात शिकणारी मुलगी संगणकावर अर्ज भरायची आणि तपासनीस शेजारी बसून एकेक शब्द वाचायचे. वयाचा रकाना आला की मुलगी बाबांकडे न बघताच आकडा टाकायची. साठ अर्ज झाल्यावर मुलीने मोजणं सोडलं. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नसे. कुठे बोलावलंच, तर मुलाखत घेणारी मुलं त्यांच्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असायची. ती आदराने खुर्ची द्यायची, अनुभव ऐकून माना डोलवायची आणि शेवटी 'कळवतो' म्हणायची. त्या एका शब्दावर आमचं घर आठ-आठ दिवस जगायचं. बायको भाजी चिरताना फोन जवळ ठेवायची. तपासनीस अंघोळीला गेले तर मुलगी फोन घेऊन दाराबाहेर उभी राहायची.

घरात रिकामे बसले की ते व्हर्नियर हे बारीक मापाचं साधन घेऊन काहीबाही मोजत. वाटीची कड, दाराची फट, साबणाची वडी. "साबण रोज किती झिजतो, ते आता मला तोंडपाठ आहे," असं ते बायकोला हसत हसत सांगत. ती हसत नसे.

एके दिवशी मेहुणा आला. माणूस प्रेमळ, पण सल्ल्यांचं दुकान. त्याचं म्हणणं, नोकरी अडते ती वयावर, तेव्हा वय दिसूच द्यायचं नाही.

"हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत," तपासनीस म्हणाले.

"ते खरं हो भाऊजी, पण तिथे सावलीतली माणसं घेतात," मेहुणा म्हणाला. "केस काळे करा आणि तो चष्मा खिशात ठेवा."

बुडत्याला काडीचा आधार. पुढच्या मुलाखतीला ते काळ्याभोर केसांनी गेले आणि मी शर्टाच्या खिशात. मला दिसत काहीच नव्हतं, पण त्यांची छाती धडधडताना मी तिथेच होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी एका यंत्रभागाचा नकाशा पुढे सरकवला आणि भोकाचा व्यास विचारला. त्यांचा हात एकदा खिशापर्यंत आला, मला चाचपलं आणि परत गेला.

"सोळा," ते म्हणाले.

"अठरा आहे," साहेब म्हणाले. नकाशा टेबलावरून परत सरकल्याचा आवाज मी ऐकला.

मित्रांनो, नकार त्यांना नवा नव्हता. पण त्या दिवशी घरी येऊन ते पलंगावर मटकन बसले. मला त्यांनी आधीच तिथे टाकलं होतं. त्यांच्याखाली माझी दांडी कड्कन मोडली, तरी ते उठले नाहीत. बायकोने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मुलीने जवळ बसून विचारलं तेव्हा म्हणाले, "मी अंदाजाने आकडा सांगितला गं. तीस वर्षांत पहिल्यांदा. आता माझे अर्ज भरू नकोस."

चार दिवस एकच क्रम चालला. बाहेर पडत, बसथांब्यावर बसत, बसेस येत-जात, ते संध्याकाळी परत येत. पाचव्या दिवशी मुलगी त्यांच्यामागोमाग थांब्यावर आली. तिच्या हातात मी होतो, दोन तुकड्यांत. ती म्हणाली, "बाबा, मी आणखी एक अर्ज भरलाय. दिसत नसेल तर तिथे तसं सांगा. पण हा घालून जा."

त्यांनी माझे दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. घरी येऊन तांब्याची बारीक तार काढली आणि माझी दांडी बांधली. वेढे असे एकसारखे, जणू यंत्रानेच घातलेले. केसांचा रंग पुढे विटत गेला, तो त्यांनी तसाच विटू दिला.

तरीही तीन ठिकाणी नन्नाचा पाढाच ऐकावा लागला. चौथा कारखाना झडपा बनवणारा, लहानसा. तिथल्या तपासणी विभागाच्या बाईंनी त्यांच्यापुढे दहा झडपा आणि एक माप ठेवलं. त्यांनी मला चढवलं, दोनदा मोजलं आणि म्हणाले, "दहाही सारख्याच फरकाने चुकतायत. झडपांपेक्षा मला मापाचाच संशय येतो. पण दुसऱ्या मापाने पाहिल्याशिवाय नक्की सांगणार नाही." बाईंनी दुसरं माप मागवलं. झडपा ठीक निघाल्या. तरी शेवटी त्या म्हणाल्या, "कळवते."

बारा दिवस फोन आला नाही. तेराव्या दिवशी तपासनीस स्वतः त्या फाटकावर गेले. रखवालदार आत सोडेना. बाई बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. तेवढंच ऐकायला आलोय. घरी माणसं फोनपासून हलत नाहीत."

बाई ओशाळल्या. मालकांना तरुण माणूस हवा होता आणि आपला त्यांच्याशी त्यावरून वाद चालला होता, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग त्या आत गेल्या. आम्ही उन्हात उभे राहिलो. खूप वेळ. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तीन महिने बघू, म्हणतायत. पुढचं माझ्या हातात नाही. उद्या आठला या."

घरी हे सांगितल्यावर बायकोने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलीने मला बाबांच्या डोळ्यांवरून काढलं, कारण माझ्या काचांतून त्यांना काहीच दिसत नव्हतं.

तीन महिन्यांचे आता सात झाले आहेत. पहिल्या पगारात नवा चष्मा आला आणि मी टेबलाच्या खणात अडीअडचणीसाठी राहतो. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्यातलं कोणीतरी उद्या टेबलाच्या पलीकडे बसेल आणि समोर आलेल्या माणसाला 'कळवतो' म्हणेल. म्हणा, पण मग खरंच कळवा. 'नाही' असलं तरी कळवा. नाही ऐकून माणूस दुसऱ्या दाराकडे तरी वळतो.