शिक्क्याखाली गेलेली गाठ

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शिक्केबाबांनी माझा हात टेबलावर पालथा ठेवला, मनगटावरच्या गोटीएवढ्या गाठीवर पितळी शिक्का टेकवला आणि विचारलं, "विश्वास आहे ना?" मी हो म्हणायच्या आत त्यांनी अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. शिक्का उचलला तर गाठ गायब. टाळ्यांनी हॉल दणाणला आणि मी रडले. दोन वर्षं कात्री धरताना तीच गाठ ठणकत होती.

बाबांनी माईक पुढे केला. "बाई, काम काय करता?"

"शिवणकाम."

"मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. कापडाला कात्री लागली की कड उसवते, धागे सुटतात. गाठीला सुरी लागली की ती अंगभर सुटते. डॉक्टर कापतात, मी विरघळवतो."

वीस वर्षं मी कापडाच्या कडा उसवताना बघत आले आहे. मला ते जागच्या जागी पटलं. दुसऱ्या एखाद्या बाईनं निदान शंका तरी घेतली असती. मला माझंच शहाणपण नडलं.

माझी थोरली बहीण माझ्याच दुकानात काजं करते. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "ब्लाउज डावीकडे काचतोय गं." माप घेताना छातीवर हाताला गाठ लागली. कडक होती, जागची हलत नव्हती, दाबली तरी दुखत नव्हती. मी काय केलं असेल? शिवण उसवून ब्लाउज अर्धा इंच सैल केला.

ताई डॉक्टरकडे जायला निघाली होती. मीच अडवलं. "आधी बाबा. कापाकापी झाली तर पसरेल."

"तू म्हणतेस तर चल," ती म्हणाली.

हॉलच्या दारात बाबांचा माणूस प्रत्येकाची गाठ बोटांनी चाचपत होता. मला वाटलं, रांग लावतोय. मनगटवाल्यांना त्याने स्टेजवर पाठवलं. ताईने जागा सांगितली, तशी त्याने न बघताच तेलाची बाटली दिली. "मोठ्या गाठीला वेळ लागतो, ताई. एकवीस आठवडे लावा. मध्ये सुरी नको."

मी रोज विचारायची, "मऊ झाली का गं?" ती म्हणायची, "झाली असेल." माझं मन मोडू नये म्हणून म्हणायची, हे मला फार उशिरा कळलं. सतराव्या आठवड्यात तिच्या काखेत दुसरी गाठ लागली आणि मी बाटली फेकून तिला दवाखान्यात नेलं.

कर्करोग निघाला. मी रिपोर्ट घेताना डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. तिथली गाठ पुन्हा डोकं वर काढत होती.

"ही कधीपासून आहे?"

मी सगळं सांगितलं.

"ही सांध्याजवळची द्रवाची पिशवी आहे. वजन टाकलं की फुटते, द्रव आत जिरतो, पुष्कळदा पुन्हा भरतो. पूर्वी लोक तिच्यावर जाड पुस्तक आपटायचे. पुस्तकाला कुणी बाबा म्हटलं नाही."

"आणि ताईची?"

"पेशी गरजेपुरत्या वाढतात आणि थांबतात. काही थांबायचं विसरल्या की गाठ होते. साधी गाठ आपल्या हद्दीत राहते, शेजाऱ्याला फार तर ढकलते. कर्करोगाची गाठ शेजाऱ्याच्या घरात शिरते. तिच्या पेशी सुटून दुसरीकडे जातात आणि तिथे बस्तान मांडतात."

"सुरी लागल्यावर?"

"सुरी न लागताही. तुम्ही थांबला होतात, त्या थांबल्या नव्हत्या." मग त्यांनी विचारलं, "कसर लागलेलं कापड तुम्ही कसं कापता?"

"भोकाच्या बाहेर बोटभर चांगलं कापड धरून."

"आम्हीही तसंच कापतो."

छातीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, पण तपासणी करून, सुईने नमुना काढून, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय तसं म्हणायचं नसतं, हेही त्यांनी सांगितलं. दारातला माणूस मात्र एवढंच शोधत होता की दाबून फुटण्यासारखी गाठ कुणाची आहे. बाकीच्यांना तेल.

ताईचं ऑपरेशन झालं. उपचार अजून चालू आहेत आणि डॉक्टरीणबाई कसलंही वचन देत नाहीत. "लवकर आला असतात तर काखेपर्यंत गेलं नसतं बहुधा," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. ताई मला एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या सभेला मी गेले. लाउडस्पीकरवर 'शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीची' गोष्ट चालली होती. मी रांगेजवळ उभी राहिले आणि मनगटातल्या पिशवीची गोष्ट, तेलाची गोष्ट सांगू लागले. काहींनी तोंड फिरवलं. बॅग छातीशी घट्ट धरलेल्या एका बाईने मात्र विचारलं, "तुमच्या बहिणीला इथं आणलं कुणी?"

"मी," मी म्हणाले. "तुम्हालाही कुणी मायेच्याच माणसानं आणलं असेल. पण मायेला गाठ ओळखता येत नाही. दुखत नसली तरी आधी दवाखान्यात दाखवा. साधी निघाली तर मला येऊन शिव्या द्या."

तिने शेजारच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि ती रांगेतून बाहेर आली. मागची माणसं एक पाऊल पुढे सरकली आणि तिची जागा भरून गेली.